जिभेखालचा खडा

सोमवार, ४ मार्च

दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लिहितोय. एरवी मला लिहिण्याची हौस नाही, आणि बोलण्याचीही फारशी नाही. "कधी दुखतं, काय खाल्ल्यावर दुखतं, किती वेळ राहतं, हे लिहून ठेवा," म्हणाले. माझे सगळे दात त्यांनी टकटक वाजवून पाहिले. सगळे ठणठणीत. "मग दुखतंय काय?" मी विचारलं. "जिभेखाली दुखतंय," ते म्हणाले. हे मीच त्यांना सांगितलं होतं. माझंच मला परत देऊन त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

तर थोडक्यात नोंद. दुपारी जेवायला बसलो. टोमॅटोची पहिली फोड तोंडात टाकली आणि जिभेखाली डाव्या बाजूला कुणीतरी सुई खुपसून वर फुगा फुगवावा तसं झालं. जबड्याखाली हात लावला तर तिथे टम्म गाठ. त्या वेळी मी हिला सकाळच्या शिकवणीतला किस्सा सांगत होतो. एका विद्यार्थ्यानं ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला आणि आम्ही भाजीच्या गाडीपाशी कसे पोचलो, याचा. ऐन रंगात आलो असताना थांबावं लागलं. "मग पुढे काय झालं?" असं ही म्हणाली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट होतं. ती उठून ताटं घेऊन आत गेली. तासाभरानं गाठ आपोआप गेली. तोवर किस्सा शिळा झाला होता.

मी गाडी शिकवतो. माझी स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल आहे, एका गाडीची. माझ्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच आहे. पण खरी गाडी मी चालवतो ती तोंडानं. "क्लच! क्लच! आरसा बघ! अरे बाबा, आरसा म्हणजे भांग पाडायचा नव्हे!" माणसाला सतत सांगत राहिलं तरच तो शिकतो. विद्यार्थी मला भोंगासर म्हणतात. हॉर्न कधी वाजवावा आणि कधी वाजवू नये हे मी फार बारकाईनं शिकवतो, त्यावरून हे नाव पडलं असावं.

समोरच्या फुटपाथवर दुसरी स्कूल आहे. तिच्या मालकाला मी घुम्या म्हणतो. डोक्यावर टोपी, तोंडाला कुलूप. गाडीत नुसता बसून राहतो. त्याच्याकडे लोक का जातात, देव जाणे.

बुधवार, ६ मार्च

माणसानं आपल्या जिभेखाली कधी पाहू नये.

आज ग्रंथपाल बाईंची शिकवणी होती. या बाई वाचनालयात काम करतात, कुजबुजल्यासारखं बोलतात आणि परीक्षेत वारंवार नापास होतात. सिग्नलला गाडी थांबली होती. मी माझ्या बाजूचा आरसा वळवला, जीभ टाळूला लावली आणि पाहिलं. दोन निळ्या, जाडजूड गोगलगायी! मधोमध एक पडदा, दोन्ही बाजूंना झालरी, आणि पुढे दोन बारके फोड. एवढं सगळं तोंडात घेऊन मी आजवर हिंडत होतो! नीट दिसावं म्हणून मी तोंड आणखी उघडून "आ" केलं. बाईंना ऐकू आलं "जा". त्या गेल्या. सिग्नल लाल होता.

माझ्या बाजूच्या ब्रेकनं आम्ही वाचलो. ट्रॅफिक पोलिस माझ्या ओळखीचा आहे. तो खिडकीशी वाकला तेव्हा माझी जीभ अजून वरच होती. "सर, जीभ कुणाला दाखवताय?" त्यानं विचारलं. बाई रडवेल्या झाल्या. मी त्यांना धीर देण्यासाठी चौक ते वाचनालय अखंड समजावत राहिलो, तर त्या आणखीच रडवेल्या झाल्या.

घरी आल्यावर न्हाणीघराचं दार लावून टॉर्चनं पुन्हा पाहिलं. मी तंबाखूला कधी हात लावलेला नाही. पण आमच्या ओळखीचे एक बसचे ड्रायव्हर होते, त्यांचं असंच जिभेपासून सुरू झालं होतं. त्यांनीही कधी हात लावला नव्हता. पुढचं लिहीत नाही.

हिला काही सांगायचं नाही असं ठरवलं आहे. ती हाय खाईल.

शुक्रवार, ८ मार्च

औषधाच्या दुकानदारानं न बघताच निदान केलं, "उष्णता." एक गुलाबी मलम आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. मलम लावल्यावर जीभ बधिर झाली आणि मी मुलाच्या वयाच्या विद्यार्थ्याला "हँडब्रेक"ऐवजी "हंबरडा" म्हणालो. त्यानं हँडब्रेक ओढला नाही, घाबरून माझ्याकडे पाहत राहिला. दुखणं होतं तिथेच आहे. सकाळी पाव खाल्ला तर थोडं, दुपारी लिंबू पिळलेली काकडी खाल्ली तर डोळ्यांपुढे काजवे. नुसता लिंबाचा विचार केला तरी गाठ वर येते. हे लिहितानाही आली.

हिचं वागणं मला वेगळं वाटतंय. रोज सकाळी सातला बहिणीकडे जाते. बहिणीच्या गुडघ्यांना व्यायाम करवते म्हणे. आमच्या मेहुणीचे गुडघे गेल्या महिन्यापर्यंत जिने चढत होते. शिवाय हिनं सपाट तळव्याचे नवे बूट घेतलेत, आणि टीव्ही बघताना तिचा डावा पाय सारखा दाबल्यासारखा खालीवर होत असतो. चिंतेनं नसा आखडतात असं मी कुठेतरी वाचलंय. तिला संशय आला असावा.

सोमवार, ११ मार्च

आज बोलताही येईना. जीभ हलवली की खालून कळ. ग्रंथपाल बाईंची शिकवणी रद्द करावी असं मनात आलं, पण त्यांची परीक्षा जवळ आली आहे. म्हणून तोंड मिटून बसलो. हातानं दिशा दाखवायची, बास.

आणि काय सांगू! बाईंनी गाडी फुलासारखी नेली. चढावर थांबवली, सुटली तेव्हा एक इंचही मागे आली नाही. गोल चौकात शिरताना उजवीकडच्यांना आधी जाऊ दिलं. दोन गाड्यांच्या मध्ये उलटी नेऊन अशी लावली की मी उतरून अंतर बघितलं. दोन्हीकडे सारखं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अर्धं दुखण्याचं आणि अर्धं अभिमानाचं.

"आज कसं शांत वाटलं," बाई म्हणाल्या.

इतके महिने मी जे कानीकपाळी ओरडत होतो ते एकदाचं त्यांच्या डोक्यात उतरलं. शिकवणं वाया जात नाही, वेळ लागतो इतकंच.

मंगळवार, १२ मार्च

जेवताना मी गप्प, आणि ही बोलत होती. लहानपणी तिला विहिरीत पोहायला शिकवलं होतं, हे मला माहीत नव्हतं. कुणाला न सांगता ती पलीकडच्या काठाला गेली होती म्हणे. नंतर भांडी घासताना गुणगुणत होती. दुःखात काही माणसं बडबडी होतात, काही गातात. हिला दोन्ही झालंय.

लिफाफ्याचं लिहावं की नाही कळत नाही. तिची पर्स टेबलावरून पडली आणि त्यातून एक लिफाफा निघाला. आत तिचे पासपोर्ट साइझ फोटो, पत्त्याचा पुरावा, जन्मदाखला, सगळ्याच्या सहीशिक्क्याच्या प्रती. आणि डोळे तपासल्याचं सर्टिफिकेट. आपण गेल्यावर बायकोला कायकाय कागद लागतात मला ठाऊक आहे, आमच्या शेजारच्या काकूंना हेच सगळं गोळा करावं लागलं होतं. डोळ्यांचं सर्टिफिकेट कशाला लागतं ते समजलं नाही. नियम बदलले असतील.

मी सगळं होतं तसं आत ठेवलं. माझी बायको किती शहाणी आहे. मी जिवंत असतानाच तयारीला लागली आणि मला कळूही देत नाही. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून थोडा वेळ बसलो.

उद्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतो. जे असेल ते असेल.

गुरुवार, १४ मार्च

कॅन्सर नाही! कॅन्सर नाही! खडा आहे!

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाई वयानं आमच्या पुतणीएवढ्या असतील. मी बसल्या बसल्या त्यांना पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. टोमॅटो, भाजीची गाडी, गुलाबी मलम. त्या म्हणाल्या, "काका, बोलू नका, तोंड उघडा." मी म्हटलं, "उघडतो, पण आधी हे सांगायला हवं की..." मी बोलत असतानाच त्यांनी माझ्या तोंडात बोट घातलं. बाहेरून दुसऱ्या हातानं जबड्याखाली दाबलं आणि म्हणाल्या, "हा बघा. सापडला."

मग त्यांनी जिभेवर लिंबाचे दोन थेंब टाकले. उजवीकडून लाळेची चिळकांडी त्यांच्या चष्म्यावर उडाली. डावीकडून काहीच नाही. त्यांना फार आनंद झाला. चष्मा पुसत त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. "जबड्याखाली लाळेची एक ग्रंथी असते. तिच्यापासून एक बारीक नळी निघते आणि जिभेखाली उघडते. तुम्ही खायला लागलात, आंबट काही नुसतं दिसलं, तरी लाळ सुटते. तुमच्या नळीत खडा अडकलाय, म्हणून लाळ मागे तुंबते. म्हणून फुगतं, म्हणून दुखतं. मग हळूहळू बाजूनं झिरपली की ओसरतं."

"म्हणजे वाहतूक कोंडी," मी म्हणालो.

"अगदी तीच."

"आणि ते दोन फोड?"

"ते फोड नाहीत, नळ्यांची तोंडं आहेत. सगळ्यांना असतात."

"आणि निळ्या गोगलगायी?"

"त्या शिरा. माझ्याही आहेत." त्यांनी जीभ वर करून दाखवली. इतकी चांगली डॉक्टर मी पाहिली नाही.

पाणी किती पिता, असं त्यांनी विचारलं. खरं सांगितलं की आमच्या धंद्यात पाणी परवडत नाही. शिकाऊ माणूस भर रस्त्यात गाडी चालवत असताना "जरा कडेला घे, मी जाऊन येतो" म्हणता येत नाही. दिवसभर घसा कोरडा ठेवून बोलायचं. "तेच कारण असू शकतं," त्या म्हणाल्या. "लाळ घट्ट होते, खडा धरतो. आता भरपूर पाणी प्या, बाहेरून शेका, मागून पुढे असं चोळा, लिंबाची गोळी चघळा. लहान असेल तर आपण होऊन बाहेर पडेल. नाही पडला तर मी काढीन. मात्र ताप आला, जिभेखालचा भाग सुजून जीभ वर उचलल्यासारखी झाली, गिळता येईना, तर वाट बघायची नाही. तडक यायचं."

सोनोग्राफीला पाठवलं. तिथल्या बाकावर सगळ्या गरोदर बायका, आणि मधे मी. शेजारचीनं सहानुभूतीनं विचारलं, "मिसेस आत गेल्यात का?" मी म्हटलं, "नाही, माझंच आहे." तिनं बाकावर थोडी जागा सोडली.

हिला आत्ता सांगणार नाही. खडा बाहेर पडला की हातावर ठेवून सांगणार. बिचारी कागद गोळा करतेय, तिला एकदमच आनंदाचा धक्का द्यावा.

शुक्रवार, १५ मार्च

खड्याबद्दल दूधवाला, ट्रॅफिक पोलिस, औषधाचा दुकानदार (त्याला विशेष करून), आणि सकाळपासूनच्या सर्व विद्यार्थ्यांना सांगितलं. चित्र काढून दाखवलं. दिवसभर लिंबाच्या गोळ्या चघळल्या. दर गोळीला कळ येते, पण डॉक्टरांनी सांगितलंय. पाण्याचं उद्यापासून बघू, आज शिकवण्या सलग होत्या.

बाजारात घुम्या दिसला. त्यानं हिला बघून टोपीला हात लावला, हिनं मान हलवली. मी विचारलं, "तू ओळखतेस याला?" ही म्हणाली, "चेहरा माहितीये." माझ्याच बायकोला गिऱ्हाईक करायला बघतोय की काय! हसू आलं. हिला गाडीचं वावडं आहे. लग्नानंतर एकदा शिकवायला घेतलं होतं, तर पहिल्याच चौकात भर गर्दीत दार उघडून उतरली आणि चालत घरी गेली. घाबरट आहे.

शनिवार, १६ मार्च

अंगात कणकण. तोंडाला घाणेरडी चव. जीभ जड. शरीर खडा ढकलत असणार, म्हणजे प्रगती आहे. उद्या रविवार, दवाखाना बंद. सोमवारी जाऊ.

मंगळवार, १९ मार्च. हॉस्पिटल

बोलायला बंदी आहे, लिहायला नाही. त्यामुळे सगळं सांगतो.

रविवारी दुपारी मी उठलो तर जीभ टाळूला जाऊन भिडली होती, मी न लावता. हनुवटीखाली डबल हनुवटी, तीही दगडासारखी. लाळ गिळता येईना, ती ओठांतून वाहत होती. अंग भट्टीसारखं तापलं होतं. हिनं मला पाहिलं आणि तिच्या हातातला पेला खाली पडला.

"अहो, काय झालं? तोंड उघडा. उघडा म्हणते ना!"

मी सांगायला गेलो की कॅन्सर नाही, खडा आहे, तुला सरप्राइज द्यायचं होतं. तोंडातून "ऑं ऑं खॉं" असं काहीतरी निघालं. मग मी माझा सोनोग्राफीचा कागद दाखवला. तिनं तो वाचला, मागचं डॉक्टरांचं लिहिलेलंही वाचलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की सूज त्यापुढे काहीच नव्हती.

"गुरुवारपासून माहिती होतं तुम्हाला? आणि अख्ख्या गावाला सांगून झालं असेल!"

मी मान खाली घातली.

ॲम्ब्युलन्सला फोन केला तर ते म्हणाले, शहरात धावण्याची शर्यत आहे, मोठे रस्ते बंद आहेत, यायला वेळ लागेल. टॅक्सीवाले फोनच उचलेनात. शेजारी गावाला गेलेले. ही दोन मिनिटं दारात उभी राहिली. मग आत गेली, ते सपाट बूट घालून आली आणि खुंटीवरची गाडीची किल्ली काढली. मला वाटलं, कुणाला तरी बोलवायला चालली.

"चला," ती म्हणाली.

खाली येऊन ती स्टिअरिंगच्या बाजूनं आत बसली. सीट पुढे ओढली. मधला आरसा वळवला, बाहेरचे दोन्ही वळवले. पट्टा लावला. गिअर हलवून न्यूट्रल असल्याची खात्री केली. मी बाहेरच उभा. हे सगळं माझ्या विद्यार्थ्यांना मी रोज ओरडून सांगतो आणि निम्मे तरी विसरतात.

"अहो, बसता का? लर्निंग लायसन्स आहे माझ्याकडे. शेजारी लायसन्सवाला माणूस लागतो, तो तुम्ही आहात. तेवढा उपयोग करा स्वतःचा."

फोटो! पत्त्याचा पुरावा! डोळ्यांचं सर्टिफिकेट! ते माझ्या मरणाचे कागद नव्हते. मला एकाच वेळी हलकं वाटलं आणि अपमानही वाटला.

मी बसलो. पाय सवयीनं माझ्या ब्रेकवर गेला. तिनं समोर बघतच म्हटलं, "तो पाय काढा."

मी थोडासा काढला.

"पूर्ण काढा. नाहीतर मी आत्ता उतरते. मागे एकदा उतरले होते, आठवतंय ना?"

आजवर शिकवताना माझा पाय ब्रेकवरून कधी हटला नाही. मी दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसलो. सुजलेलं तोंड, हातात टॉवेल, अंगात ताप आणि मांडी. गाडीवर "शिकाऊ चालक"ची पाटी.

गाडी निघाली. "अगं, हळू!" असं मला ओरडायचं होतं. "आरसा! इंडिकेटर! उजवीकडून सायकल!" तोंडातून नुसती लाळ आली. आणि माझं ओरडून व्हायच्या आत, म्हणजे मनातल्या मनात, तिनं आरसा पाहिलेला असायचा, इंडिकेटर दिलेला असायचा आणि सायकल पुढे गेलेली असायची. मोठा रस्ता बंद होता म्हणून तिनं गिरणीमागचा बोळ धरला. तिथला चढ भले भले गाडीवाले टाळतात. चढावर समोरून पाण्याचा टँकर आला. मी डोळे मिटले.

तिनं गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. टँकरवाल्याला हातानं मागे जायची खूण केली. तो हॉर्न वाजवत राहिला. तिनं काच खाली केली आणि म्हणाली, "दादा, माझ्या शेजारी बघा आणि मग वाजवा." त्यानं मला पाहिलं आणि तो टँकर असा मागे घेतला की जणू मागे उतार होता. क्लच, ॲक्सिलरेटर, हँडब्रेक. गाडी एक इंचही मागे घसरली नाही.

"तुमच्या गाडीचा क्लच फार वर लागतो," ती म्हणाली. "समोरच्यांचा छान आहे."

समोरच्यांचा! घुम्याचा! त्या परिस्थितीतही मला बोलायचं होतं. बरं झालं, येत नव्हतं.

हॉस्पिटलच्या दारात गाडी लावून तिनं किल्ली काढली. तिनं माझा टॉवेल घेऊन माझं तोंड पुसलं आणि त्याच टॉवेलनं स्वतःचे डोळे. "मला सांगायचं नाही का हो?" एवढंच म्हणाली.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. सलाइन, इंजेक्शनं. आत पू झाला होता, आणखी उशीर झाला असता तर सूज घशावर जाऊन श्वास अडला असता, असं त्या हिला सांगत होत्या. मी ऐकत नसल्यासारखं केलं. मग जिभेखाली भुलीची सुई, एक छोटा छेद, आणि घाण चवीचा लोंढा. त्यानंतर चिमट्यात खडा. मी बघायला मागितला.

तांदळाचा दाणा. पिवळट, खडबडीत, तांदळाचा दाणा!

"एवढासाच?" मी हातानं विचारलं.

"मोठा आहे की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी माझं मन राखलं असावं.

शनिवार, २३ मार्च

घरी आलो. टाके आपोआप विरघळतील. तोवर पाणी भरपूर, जेवण पातळ, बोलणं शून्य. मी वहीच्या पानांवर लिहून दाखवतो. तिसऱ्या पानानंतर ही वाचत नाही.

ग्रंथपाल बाई पेढ्याऐवजी माझ्यासाठी पातळ खीर घेऊन आल्या. पास झाल्या! मी लिहून विचारलं, "माझ्या शिकवणीचा कोणता भाग जास्त उपयोगी पडला?" त्यांनी बराच विचार केला. मग कुजबुजल्या, "शेवटचा आठवडा."

संध्याकाळी घुम्या आला. टोपी काढून बसला. ती काढली तर खाली टक्कल, आणि माणूस एकदम गरीब दिसायला लागला. मी कागद घेतला आणि लिहिलं, "तुम्ही हिला काय शिकवलंत?"

"फार काही नाही," तो म्हणाला. "गाडी त्यांना येतच होती जवळजवळ. घरात रोज ऐकलेलं होतं ना सगळं. मी फक्त शेजारी गप्प बसलो."

म्हणजे पाया माझाच होता. मी ते लिहून हिला दाखवलं. तिनं माझ्या खिरीत आणखी एक पळी खीर घातली.

तो उठताना मी त्याच्या हातात हात दिला. मला वाटतं, त्याला घुम्या म्हणणं बरोबर नाही. दुसरं काय म्हणावं ते सुचलेलं नाही.

गुरुवार, ११ एप्रिल

आज हिची परीक्षा झाली. मला बाहेर उभं राहायला सांगितलं होतं, तेही झाडामागे. निरीक्षक उतरून तिच्याशी हसून बोलला. तिनं लांबूनच मला हात केला. दुरून ती मला इतकी उंच कधी दिसली नव्हती. बोलायची परवानगी मिळून आठवडा झाला आहे, तरी मी नुसत्या टाळ्या वाजवल्या. झाडावरचे कावळे उडाले.

रविवार, १४ एप्रिल

ही म्हणाली, "चला, फिरून येऊ." कुठे, असं विचारलं तर म्हणाली, "बघू."

शहराबाहेरचा रस्ता. बोलू नये असं ठरवलं होतं. पहिल्या वळणापर्यंत टिकलं. "पुढे स्पीडब्रेकर," मी म्हणालो. "दिसतोय," ती म्हणाली. त्यानंतर मी खिडकीबाहेर बघायला लागलो. शेजारी कुणी शिकत नसताना त्या सीटवर मी कधी बसलो नव्हतो. पुढचा रस्ता सोडून बाजूला काय असतं ते मला माहीतच नव्हतं. एका घराच्या खिडक्या निळ्या होत्या. एक म्हातारा गच्चीवर बसून कबुतरांशी भांडत होता. मोठं तळं लागलं, त्यात म्हशी. मला हे सगळं तिला सांगायचं होतं, पण ती तिच्या आत्याबद्दल काहीतरी सांगत होती. तिचा आवाज चांगला आहे, एका लयीत. आत्या कुठल्याशा गावाला निघाली होती, तिथपर्यंत मी ऐकलं.

जाग आली तेव्हा गाडी अनोळखी रस्त्यावर होती. दोन्हीकडे उसासारखं काहीतरी उंच वाढलेलं.

"झोपलो होतो मी?"

"घोरत होतात."

मी! चालत्या गाडीत! "आपण कुठे आहोत?"

"माहीत नाही. मघाशी दोनदा रस्ता चुकले."

"मग मला उठवायचं नाही?"

"उठवलं असतं तर तुम्ही रस्ता सांगितला असतात."

पुढे फाटा होता. एकीकडे पाटी मोडून पडलेली, दुसरीकडे पाटीच नाही. तिनं गाडी थांबवली आणि खूप दिवसांत पहिल्यांदा मला विचारलं, "डावीकडे की उजवीकडे?"

मोडकी पाटी पाहून मला फाटा ओळखू आला होता. डावीकडे घेतलं की मोठा रस्ता लागतो. तोंड उघडलं, आणि म्हणालो, "तुला वाटेल तिकडे."

तिनं उजवीकडे घेतली. मग बराच वेळ आम्ही भलतीकडेच जात राहिलो. रस्ता चांगला होता.